टाळी दिलेला वेग

आमचं जहाज थांबणार नाही हे टेबलाभोवतीच्या चौघांपैकी सगळ्यांत आधी मला कळलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

रविवारची सकाळ होती. बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या आमच्या फ्लॅटचा हॉल, जेवणाचं टेबल, त्यावर षटकोनी घरांचा मोठा कागद पसरलेला. कागदाच्या एका टोकाकडे अंतराळातलं स्टेशन, म्हणजे बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं लाल बटण. त्याच्या दिशेनं सरळ रेषेत निघालेलं आमचं जहाज, म्हणजे मी शेडमधून आणलेला एक पितळी नट. खाली भाजीवाल्याचा लाउडस्पीकर ओरडत होता. आत बायको अवरेकाळू, म्हणजे इकडचे पावटे, सोलत बसली होती. सगळं नेहमीचंच, आणि मला समोरची कॉफी उचलवेना.

साठीकडे झुकलेल्या माणसाला कागदावरच्या नटासाठी घाम फुटावा, हे ऐकायला वेड्यासारखं वाटेल. म्हणून आधीचं सांगतो.

मी जुन्या मशिनरीचा व्यापारी आहे. होसकोट्याला माझी शेड आहे. इचलकरंजीहून इकडे आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात चेन-पुली ओढायचो. आज त्या गोदामाच्या मालकाचा मुलगा माझ्याकडे लेथ घ्यायला येतो. मी त्याला खुर्ची देतो, चहा देतो, भाव मात्र सोडत नाही. मी तापट आहे. तापट माणसाला फसवायच्या आधी लोक दोनदा विचार करतात, म्हणून तो स्वभाव बदलायच्या भानगडीत मी पडलो नाही. भाव करायची माझी पद्धत एकच, शेवटपर्यंत गप्प राहायचं. समोरचा उठला तरी गप्प, दारापर्यंत गेला तरी गप्प. तो चपला घालायला वाकला की मग तोंड उघडायचं. आणि ठरलं की टाळी. त्याच्या तळहातावर माझा तळहात वाजला की विषय संपला. नंतर कुणी दुप्पट द्यायला आला तरी मी फिरत नाही. लोक सही नाकारतात, पावती नाकारतात. टाळी नाकारणाऱ्याला मी पुन्हा शेडच्या दारात उभं केलेलं नाही.

माझी मुलगी लहान असताना सुट्टीत शेडमध्ये यायची. ही टाळी तिनं तिथे उचलली. घरी येऊन ती प्रत्येक गोष्टीची टाळी मागायची. पाढे म्हटले तर आइस्क्रीम, दे टाळी. मी देत होतो आणि पाळतही होतो.

ती मोठी झाली, इंजिनीअर झाली, नोकरीला लागली. मी धरून चाललो होतो की चार वर्षं बाहेर कामाचा अनुभव घेईल आणि मग शेडमध्ये येईल. ती म्हणाली, "मला नकोय ती शेड, बाबा." तेही मी गिळलं असतं. पण जर्मनीत नोकरी मिळाल्याचं तिनं मला सांगितलंच नाही. सांगितलं ते खालच्या मजल्यावरच्या अण्णांनी, जिन्यात. अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं इतक्या पिढ्यांपासून बेंगळुरूत आहे की त्यांच्या मराठीत अर्धी कानडी असते; माझ्या मुलीला ते पुट्टी म्हणतात, म्हणजे छोटी, आणि मला साहुकार.

"काय साहुकार," ते म्हणाले, "पुट्टी जर्मनीला चालली म्हणे. पेढे आमच्यापर्यंत आलेच नाहीत की."

माझ्यापर्यंत बातमी आली नव्हती, तर पेढे कुठून येणार? मी वर गेलो आणि जे बोलायचं ते बोललो. खालपर्यंत ऐकू गेलं असेल. ती शांतपणे म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू भाव केला असतास. दोन वर्षं थांब, एक तरी थांब, दिवाळीपर्यंत तरी थांब. मला ह्याचा भाव करायचा नव्हता." त्या दिवसापासून ती मला 'तुम्ही' म्हणायला लागली. जेवलात का, किल्ली कुठे ठेवलीत. बँकेतल्या बाईसारखी. माझा तो राग अजून गेलेला नाही. बापाला शेजाऱ्याकडून कळावं, हे बरोबर कसं, ते आजवर कुणी मला पटवून दिलेलं नाही.

हा खेळ ती कॉलेजपासून खेळते. यात कॉम्प्युटर नसतो. एक जण पंच असतो, तो गोष्ट सांगतो आणि नियम लावतो. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं, आणि जिथे नक्की नाही तिथे फासा टाकायचा. आमच्या घरी पंच ती. तिची एक पुण्याची मैत्रीण जहाज चालवायची. अण्णा इंजिन सांभाळायचे. निवृत्तीनंतर त्यांना हा नादच लागला होता. कॅप्टन होता तो मुलगा लग्न करून हैदराबादला गेला आणि खुर्ची रिकामी झाली.

बायको मला म्हणाली, "जाऊन बसा तिथे. तिथे तरी तिला तुमच्याशी बोलावंच लागेल."

मी बसलो, आणि तसंच झालं. दर रविवारी ती माझ्याकडे बघून विचारायची, "कॅप्टन, काय करणार?" तिला विचारावंच लागायचं, नियम होता. आठवडाभरात मला विचारला जाणारा तो एकच खरा प्रश्न. मी उत्तर लांबवत लांबवत द्यायचो.

सुरुवातीलाच नियमावरून आमचं वाजलं. चोरांचं एक जहाज आमचा माल घेऊन पुढे पळत होतं. तिच्या पुस्तकात एका पानावर लिहिलंय की जहाज एका खेपेत आपल्या जोराइतकी घरं सरकतं. आमच्या जहाजाचा जोर दोन. म्हणजे दोन घरं जायचं आणि थांबायचं, पुन्हा दोन घरं. बरंच पुढे दुसऱ्या पानावर लिहिलंय की जहाज आपली गती राखतं. ती म्हणाली, ते दुसरं लांबच्या प्रवासाबद्दल आहे, लढाईत पहिलं लागू.

मी तापलो. "का? वर रस्ता आहे? खड्डे आहेत? सिग्नल आहे? मग दर खेपेला जहाज थांबवतं कोण?"

"काका, चिल," मैत्रीण म्हणाली. "सिल्ली गेम आहे."

"गेम असू दे. शेडमध्ये या एकदा. लेथ पाइपवर चढवली की हलवायला चार माणसं लागतात. हलल्यावर ती आपली आपण जाते. मग तिला थांबवायला परत तेवढीच चार माणसं लागतात, समोरून. तुमचा तो जोर म्हणजे चार माणसं. लेथ किती पळते त्याच्याशी त्याचा संबंध नाही. किती बदलता येतं, त्याच्याशी आहे."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. कित्येक दिवसांनी असं बघितलं. मग दोन्ही पानं तिनं आलटूनपालटून वाचली. बराच वेळ वाचली.

"पटतंय," ती म्हणाली. "जोर म्हणजे वेग नाही. जोर म्हणजे एका खेपेत वेगात करता येणारा बदल. गेल्या खेपेला जेवढं गेलात तेवढं याही खेपेला जाणार, त्यात दोन मिळवा नाहीतर वजा करा. लागू. सगळ्या जहाजांना, शेवटपर्यंत." आणि तिनं तळहात पुढे केला.

टाळी वाजली.

"स्वल्प थांब, पुट्टी," अण्णा म्हणाले. "हे जहाज उद्या थांबवायला पण लागेल की नाही?"

कुणी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी आम्ही चोरांना गाठलं, माल परत घेतला, आणि मी घरात दोन दिवस शीळ वाजवत फिरलो.

पुढे जर्मनीची तारीख ठरली. तेव्हा एका रविवारी कागद गुंडाळता गुंडाळता ती सगळ्यांना म्हणाली, "जहाज वाचलं तर मी तिकडूनही खेळेन. दर रविवारी, फोनवर. जहाज गेलं तर मात्र ही मोहीम संपली. नवीन काही सुरू करणं मला जमणार नाही, नवी नोकरी असेल."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले.

माझ्या मनात पुढचं सगळं चित्र उभं राहिलं. जहाज गेलं तर ती आईला फोन करेल. शेवटी आई म्हणेल, घ्या, बोला. मी विचारणार, बरंय ना? ती म्हणणार, हो, तुमचं? मग थंडी किती आहे ते. मग फोन परत आईकडे. हे असं किती वर्षं चालणार? मला तिथल्या तिथे भीती वाटली आणि ती गेली नाही. होसकोट्याच्या रस्त्यावर, शेडमध्ये, गिऱ्हाईकाशी बोलताना, ती आत बसून असायची.

आणि आता हा रविवार. ती गुरुवारी जाणार होती.

आमच्या जहाजातली हवा कमी झाली होती, स्टेशनला लागलो तरच भरून मिळणार होती. मागे चोरांची दोन जहाजं लागली होती. म्हणून मी सुरुवातीपासून वेग वाढवत ठेवला होता. मैत्रिणीनं अर्ध्या वाटेवर विचारलं होतं, "काका, आता उलटं वळवू का? ब्रेक मारायला सुरुवात करते."

"थांब," मी म्हणालो होतो. "अजून ढकल."

ती पुन्हा विचारायला लागली तेव्हाही मी थांब म्हणालो. चोर मागे होते हे खरं, पण ते एक कारण झालं. दुसरं असं की मला तसंच येतं. शेवटपर्यंत धरून ठेवायचं, समोरचा चपला घालेपर्यंत. बटणाला चपला नसतात, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

मी घरं मोजली. वेग झाला होता नऊ. स्टेशन बारा घरांवर. या खेपेपासून ब्रेक मारला तर नऊचे सात, मग सातचे पाच. सात आणि पाच बारा. म्हणजे दोन खेपांत आम्ही बरोबर बटणावर, आणि तेव्हा आमचा वेग पाच. स्टेशनला लागायला तो एक लागतो.

मी पुन्हा मोजली, वेगळ्या बोटानं. तेच आलं.

मला एकदम तो आवाज आठवला. पुष्कळ वर्षांपूर्वी होसकोट्याला ट्रकच्या फळ्यांवरून लेथ उतरवताना दोर सुटला होता. मी खाली होतो, मागे भिंत. पाइपांवरून लोखंड यायला लागतं तेव्हा मोठा आवाज होत नाही. गुरगुरल्यासारखं होतं, आणि ते घाईनं येत नाही. आपल्याला वाटतं, हातानं थोपवता येईल. मी हात पुढे केलेही होते. कुणीतरी मला कॉलर धरून बाजूला ओढलं आणि लेथ भिंतीत घुसली. त्यानंतर कितीतरी दिवस जेवताना माझा हात मधेच पुढे व्हायचा, तळवा समोर करून. आता टेबलाखाली तसाच झाला.

"कॅप्टन, काय करणार?" मुलीनं विचारलं.

मी तिसऱ्यांदा घरं मोजायला लागलो. बायको आतून म्हणाली, "कॉफी गार होतेय."

तेवढ्यात मैत्रिणीनंही मोजलं. तिचा पेनाचा शेंडा घराघरांवरून गेला आणि बटणावर थांबला. "काका," ती म्हणाली. "काका, हे थांबत नाहीये. आपण धडकतोय."

"अय्यो," अण्णा कागदावर वाकले. "मी त्या दिवशीच म्हटलं होतं. साहुकार, भाव फार ताणला तुम्ही."

"तुम्ही इंजिन बघा," मी ओरडलो. "चोर मागे होते. ब्रेक मारला असता तर मागून खाल्लं असतं त्यांनी."

"चोर तीन खेपांपूर्वीच मागे पडले, काका! मी सांगितलं होतं!" मैत्रीण जवळजवळ रडायच्या बेतात होती. मला पहिल्यांदाच दिसलं की तिलाही हा खेळ संपायला नको आहे. पुण्याहून आलेली एकटी मुलगी, रविवारी तिला तरी दुसरं कुठलं घर होतं?

मुलगी पुस्तक मिटून बसली होती. ती कुणावर ओरडली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक करता येईल. तो पहिला निकाल मागे घेऊ. पुस्तकाच्या पहिल्या पानाप्रमाणे खेळू, दोन घरं आणि थांबायचं. मग सरळ स्टेशनला लागाल. चालेल का, कॅप्टन?"

"येस!" मैत्रीण म्हणाली. "काका, घ्या. फुकट मिळतंय, घ्या."

आयुष्यात मी फुकट मिळणारी सूट नाकारलेली नाही. माझं तोंड 'हो' म्हणायला उघडलंही होतं. पण सूट कोण कधी देतो, हे माझ्याइतकं कुणाला कळत असेल? रोजच्या गिऱ्हाईकाशी आपण शेवटपर्यंत भांडतो, कारण तो उद्या परत येणार असतो. जो आता पुन्हा दिसणार नाही, त्याला म्हणतो, जाऊ द्या हो, राहू दे. माझी मुलगी, जी कधी मला अर्धं घर जास्त देत नव्हती, ती आता म्हणत होती, राहू दे. त्या सुरात मला विमानतळ ऐकू आला. बटणापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"नाही," मी म्हणालो.

"काका!"

"टाळी झालीय. आणि निकाल बरोबर होता. तो मागे कशाला घ्यायचा? मला सूट नको."

मुलीनं आता माझ्याकडे बघितलं. "मग जहाज जाईल."

"बघू."

"बघू म्हणजे काय? काय करणार ते सांगा."

 मी नुसता कागदाकडे बघत राहिलो.  लेथ येतेय, मागे भिंत आहे, हात पुढे. कॉलर धरून बाजूला ओढलं होतं मला. बाजूला. लेथ तर कुणी थांबवली नव्हतीच.

"जोर कुठल्या दिशेला लावता येतो?" मी विचारलं.

"कुठल्याही."

"म्हणजे मागेच लावला पाहिजे असं नाही."

"नाही."

"मग ब्रेक मारू नको," मी मैत्रिणीला म्हणालो. "नऊच राहू दे. दोनचे दोन बाजूला लाव. डावीकडे. आपण थांबतच नाही. स्टेशनच्या बाजूनं निघून जायचं."

मैत्रिणीनं पेन फिरवलं. रेघ बटणाच्या डावीकडून गेली आणि पुढे टेबलाच्या कडेला कागद संपला. "आणि मग?" ती म्हणाली. "काका, पुढे कागदच नाही."

अण्णांनी घसा खाकरला. "ते चोर मागे एकदा कडेबाहेर गेले होते नव्हे? पुट्टीनं पुसूनच टाकले त्यांना. गेले म्हणजे गेले."

हे मी विसरलो होतो. आधीचा दाखला माझ्या विरुद्ध होता, आणि कडेचं पुस्तकात काहीच लिहिलेलं नव्हतं. मुलीनं पानं चाळली, शेवटचंही बघितलं. "नाहीये काही," ती म्हणाली. "मला ठरवावं लागेल."

मी गप्प राहायला हवं होतं. माझ्या पद्धतीप्रमाणे ती वेळ गप्प राहायचीच होती. पण माझ्याच्यानं राहवलं नाही. मी बोलत सुटलो. "तूच म्हणालीस ना, वेग राखला जातो? कुणी अडवेपर्यंत जहाज जातच राहतं? मग कागद त्याला अडवतो का? हे टेबल म्हणजे काय आकाश आहे? माझ्याकडे याहून छोटं टेबल असतं तर जहाज आधी मेलं असतं का? टाळी दिलीयस तू. सगळ्या जहाजांना म्हणालीस. शेवटपर्यंत म्हणालीस." शेवटाला माझा आवाज चिरकला. तापट माणसाचा आवाज चढतो, चिरकत नाही. अण्णांनी मान खाली घातली.

मुलगी उठली आणि आत गेली.

तिच्या खोलीचं दार लागलं. आम्ही तिघं बसून राहिलो. मैत्रीण पेनाचं टोपण लावत होती, काढत होती. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन. मला वाटलं, झालं. ती सामान भरायला लागली. मी नटाकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की हा नट मी आता कुठे ठेवू. शेडमध्ये परत नेऊ की इथेच कुठल्या डब्यात?

दार उघडलं. तिच्या हातात षटकोनी घरांचा नवा कोरा कागद होता, बॅगेत भरून ठेवलेला, आणि चिकटपट्टी. तिनं माझी कॉफी उचलून बाजूला केली आणि नवा कागद जुन्याच्या कडेला लावला. घराला घर जुळवलं, नखानं पट्टी दाबली. कागदाचं पुढचं टोक टेबलाखाली लोंबत राहिलं.

"वेग मरत नाही," ती म्हणाली. "कडेलाही नाही. लागू. पण मग ते चोरही मेलेले नाहीत. बाहेरच कुठेतरी आहेत, आणि त्यांचाही वेग तोच. आणि तुमची हवा मी वाढवून देणार नाही. दर खेपेला हवेचा फासा पडणार."

"मान्य."

तिनं तळहात पुढे केला. मी टाळी दिली. माझ्या हाताचा घाम तिला लागला असणार. तिनं तो पुसला नाही.

स्टेशनला दोन्ही बाजूंना लांब हात होते, बटणाला टेकवलेल्या दोन काड्या. त्यांतून निसटायला फासा होता. एक पडला तर जहाज गेलं. दोन किंवा तीन पडले तर खरचटणार. त्यावर मोकळे. मुलीनं फासा माझ्यापुढे ठेवला.

"जहाज ही चालवते, हिनं टाकावा," मी म्हणालो.

"मी नाही हं," मैत्रीण म्हणाली आणि हात मांडीखाली घेतले.

बायको दाराशी येऊन उभी होती. शेंगांची ताटली हातात तशीच. मी फासा टाकला. तो कागदाच्या जोडावर अडखळला, लोंबणाऱ्या टोकाकडे निघाला, आणि अण्णांनी हाताची भिंत करून अडवला.

दोन.

"खरचटलं," मुलगी म्हणाली. "स्टेशनच्या हातानं मागचं कोठार ओरबाडून नेलं. माल गेला. सगळा."

तो माल. चोरांकडून परत मिळवलेला, तीन ग्रहांवर भाव करून मी राखलेला. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती तशीच आत राहिली. नट काडीच्या बाजूनं पलीकडे गेला होता. मैत्रिणीनं तो पट्टीवरून नव्या कागदावर ठेवला. तिथे त्याच्याभोवती काहीच नव्हतं. आणि तो अजून नऊच्या वेगानं लांबच जात होता.

गुरुवारी मी तिला विमानतळावर सोडलं. गाडीत आम्ही ट्रॅफिकबद्दल बोललो.

तिथल्या पहिल्या रविवारी आम्ही टेबल भिंतीला लावलं, कारण कागद आता फरशीवर आला होता. पाच कागद झाले होते. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता, म्हणजे तिला सगळी फरशी दिसावी. तिच्या मागे एक उघडी भिंत होती आणि ती घरात जाड स्वेटर घालून बसली होती. अण्णा गुडघे धरून मोड्यावर बसले. मैत्रीण मांडी घालून खाली.

मागच्या रविवारच्या उरलेल्या खेपांपासून ब्रेक मारत मारत आम्ही आलो होतो. नऊचे सात, पाच, तीन, एक. आज नट थांबला. फरशीच्या पार त्या टोकाला, गॅलरीच्या दारापाशी. लाल बटण टेबलाच्या पायाजवळ होतं, इथून नीट दिसतसुद्धा नव्हतं. इतक्या लांब आम्ही कधी गेलो नव्हतो. मला वाटलं होतं थांबल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं. दर खेपेला हवेचा फासा पडत होता आणि हवा कमीच होत होती.

"वेग शून्य," फोनमधून मुलगी म्हणाली. "आता परत फिरायचं. कॅप्टन, जोर किती लावणार?"

"दोन," अण्णा म्हणाले. "हवा नाही आता. दोनच लावायचा."

मी फरशीवरची घरं बघितली. दोन लावत गेलं तर किती रविवार, ते मनात आपोआप आलं. जहाज स्टेशनला लागलं म्हणजे मोहीम पुरी होणार. पुढचं कुणी बोललं नव्हतं. सावकाश गेलो तर हवा संपेल, भराभर गेलो तर खेळ संपेल. दोन्हीकडून तेच.

"एक," मी म्हणालो.

"काका, हवा!" मैत्रीण ओरडली.

फोनमधल्या चेहऱ्यानं भुवया वर केल्या. "एक? नक्की?"

"बरं, दीड."

  मग ती हसली, लहानपणी शेडमध्ये हसायची तशी, नाकातून.

"बाबा, दीड नसतं. एक नाहीतर दोन. आणि आधी तू हवेचा फासा टाक."

मी फासा उचलला आणि मुठीत धरला. अण्णा म्हणाले, टाका हो साहुकार. मैत्रीण म्हणाली, काका, प्लीज. मी मूठ हलवत राहिलो. तो फासा फरशीवर पडेपर्यंत तिकडे कुणी फोन ठेवणार नव्हतं.